फिडलवाल्याची पावलं

मिस्टर डेल्मर क्रेनेक आठवडाभर गुरांच्या कुरणांतून पवनचक्क्या दुरुस्त करत फिरायचे आणि शनिवारी संध्याकाळी कोलेटो क्रॉसिंगच्या नाचघरात फिडल, म्हणजे खेड्यातलं व्हायोलिन, वाजवायचे. गावातली निम्मी लग्नं त्यांच्या फिडलनं जुळवली, असं माझी आई म्हणते. त्यात तिचंही आलं. पण खुद्द त्यांना नाचता येत नाही, हे आम्हा कुणाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. येणार कसं? माणूस सदा मंचावर. खाली उतरायचा तो फक्त सॉसेज आणि लोणच्याची काकडी खायला.

त्यांची बायको मिस अर्लीन (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात) मात्र गावात सगळ्यांत देखणी नाचणारी. तांबडे बूट घालून ती फरशीवर उतरली की बाकीच्या जोड्या नकळत जरा बाहेर सरकत. जनावरांचा डॉक्टर, पाद्री, निवडून आलेला प्रत्येक शेरीफ, सगळ्यांबरोबर ती नाचली होती. नवऱ्याबरोबर एकदाही नाही. लग्नातसुद्धा नाही. आमच्याकडे नवरानवरीचा पहिला फेरा मोकळ्या फरशीवर असतो. तो पुरा झाल्याशिवाय दुसरं कुणी पाऊल टाकत नाही. पण त्यांच्या लग्नाच्या दिवशी ओढ्याला पूर आला, फिडलवाला पलीकडे अडकला, आणि नवरदेवानंच कोट काढून फिडल उचललं. नवरीनं पहिला फेरा सासऱ्याबरोबर घेतला.

या वसंतात मिस्टर डेल्मरची बोटं आखडली आणि फिडल पुतण्याकडे गेलं. ऑक्टोबरात लग्नाला चाळीस वर्षं होत होती. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला गाव पुन्हा एकदा जोडप्याला मोकळी फरशी देतं. आता मंचावर लपायची सोय उरली नव्हती.

शनिवारी नाच सुरू होण्याआधी तासभर मिस नेल्विन नवशिक्यांना शिकवते. तिनं उभा जन्म शाळेची बस चालवली. आवाज अजून तसाच. शहरातून एम.ए. करून परतले तरी मला जोडीचा साधा नाच येत नव्हता, म्हणून मीही त्या रांगेत उभी होते. समोर मिस्टर डेल्मर आले. त्यांनी टोपी नीट केली आणि मान लववून म्हणाले, "पोरी, आधीच माफी मागून ठेवतो."

"पुरुषांचा डावा, बायकांचा उजवा!" मिस नेल्विन ओरडली. "दोन भरभर, दोन सावकाश! फेरा घड्याळाच्या उलट. आणि पायांकडे बघू नका, ते पळून जात नाहीत!"

रेकॉर्ड सुरू झाली. मिस्टर डेल्मरनी माझा हात धरला, पाठीवर तळवा टेकवला, आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. शेजारून दोन जोड्या गेल्या.

"मिस्टर डेल्मर, निघायचं ना आपण?"

"निघालो की."

मी खाली पाहिलं. त्यांचा डावा बूट लाकडी फरशीवर नेमका ठेका धरत होता. टाच खाली, चवडा वर-खाली. मंचावर त्यांच्या नेहमीच्या जागी एका फळीला त्या टाचेनं खळगा पडला आहे. इतकी वर्षं जागच्या जागी ठेका धरलेल्या पायाला गाणं म्हणजे चालायची खूण, हे पटतच नव्हतं.

दोनतीन शनिवारांनी पाय सुटला, तर वेगळंच दुखणं निघालं. फेरा मंचासमोर आला की ते थबकायचे आणि कान देऊन ऐकत राहायचे. मागून येणाऱ्या जोड्या आमच्यावर आदळायच्या.

"डेल्मर! तिथं काय बसचा थांबा आहे?"

"बास वाजवणारा ठेक्यात मागे पडतोय, मॅडम."

"ती रेकॉर्ड आहे! तो बासवाला कधीच वर गेला, आता काय सुधारणार? तू हो पुढं!"

मिस अर्लीन वर्गाला येत नसे. गोड सारण भरलेल्या ताज्या कोलाची पावांचं ताट घेऊन शेवटी दारात उभी राहायची. "काय गं नेल्विन, चालायला लागला का माझा?"

"चालतो. पोचत नाही."

सगळे हसले. मिस्टर डेल्मरही हसले. पण बाहेर आपल्या ट्रकपाशी ते मला म्हणाले, "तिनं तो फेरा कधी मागितला नाही. एकदा तरी भांडली असती, तर मी तेव्हाच शिकलो असतो. आता सगळ्या गावासमोर मी खुंटासारखा उभा राहिलो, तर ती हसून वेळ मारून नेईल. तेच मला नकोय. तिनं हसून वेळ मारून नेलेली मी फार पाहिलीय." मग गाडीची किल्ली शोधत बराच वेळ खिसे चाचपत राहिले.

इलाज सापडला तो अपघातानं. मी सहज विचारलं, बेनकेंच्या कुरणातली पवनचक्की का बंद आहे? मिस्टर डेल्मर सांगू लागले. पंपातलं चामडं झिजलं होतं, ते बदललं तर दांडा वाकलेला निघाला. त्या म्हाताऱ्या बेनकेनं तो स्वतः हातोडीनं सरळ करायला घेतला होता... आणि बोलता बोलता आम्ही मंचासमोरून सरळ पुढे निघून गेलो.

"बोल!" मिस नेल्विननं टाळी वाजवली. "पोरी, त्याला बोलता ठेव! याचं तोंड चालू असलं की कान झाकलेले राहतात!"

मूळचा अबोल माणूस. तरी सप्टेंबरभर मी कोलेटो क्रॉसिंगच्या सगळ्या पवनचक्क्यांची दुखणी ऐकली, आणि आम्ही दोघंही नाचायला शिकलो.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी नाचघराच्या खिडक्यांच्या झडपा काठ्यांनी वर टेकवल्या होत्या. बूट नीट घसरावेत म्हणून फरशीवर मक्याचं पीठ भुरभुरलं होतं. मिस अर्लीननं तांबडे बूट घातले होते. मी मंचाच्या कठड्याला टेकून उभी होते. पुतण्यानं फिडल उचललं आणि दोघं निघाले.

पहिली बाजू छान गेली. मिस्टर डेल्मर काहीतरी सांगत होते आणि मिस अर्लीन मान डोलवत होती. फेरा मंचासमोर आला, आणि नेमका तिथंच पुतण्याचा गज घसरून एक सूर किंचाळला.

मिस्टर डेल्मर थांबले. डावी टाच खाली टेकली, चवडा वर-खाली. मिस नेल्विननं टोपीनं तोंड झाकलं.

"डेल्मर," मिस अर्लीन हळूच म्हणाली, "त्या चक्कीचं पुढं काय झालं?"

"आठवत नाही."

"मग दुसरं काही सांग."

त्यांनी पलीकडच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू त्या पलीकडच्या दाराशी असताना मी कधी गाणं संपवलं नाही."

"म्हणजे?"

"संपत आलं की बघायचो. तू लांब असलीस की आणखी एक कडवं घ्यायचो. समोर आलीस की मग संपवायचो."

बोलता बोलता त्यांचा डावा पाय उचलला गेला. भरभर, भरभर, सावकाश, सावकाश.

"दर वेळी?" तिनं विचारलं.

"दर वेळी."

"तरीच तो जनावरांचा डॉक्टर घामाघूम व्हायचा! म्हणायचा, तुझ्या नवऱ्याची गाणी मेली संपत नाहीत!" मिस अर्लीन इतकी मोठ्यानं हसली की शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. हे वेळ मारून नेण्याचं हसू नव्हतं. ती हसतच राहिली, ते बोलतच राहिले, आणि मोकळ्या फरशीवरून दोघं वळणावर वळणं घेत गेले. काय बोलत होते ते आम्हाला ऐकू येईना. फेरा पुरा झाल्यावर आम्ही सगळ्यांनी फरशीवर उतरायचं असतं. कुणी उतरलं नाही. दोघं दुसऱ्या फेऱ्याला लागले, तरी आम्ही कडेलाच उभे.

पुतण्यानं गाणं वेळेवर संपवलं. तेव्हा ते दोघं पार त्या पलीकडच्या दाराशी पोचले होते.

"अरे गाढवा!" मिस्टर डेल्मर सबंध नाचघर ओलांडून ओरडले. "दिसत नाही का, बाई कुठं आहे? आणखी एक कडवं घे!"

पुतण्यानं घेतलं.