मामाच्या वहीतलं ‘पान’

शहापूरच्या कॉलेजात शिकवायला निघाले होते, तेवढ्यात मुरबाडहून मामीचा फोन आला. “तुझा मामा गेला गो... चहा मागितलान, मी कप घेऊन येते तर...” दत्तूमामाला जाऊन आता दीड महिना झाला.

मामा सातवी शिकलेला, पण मालवाहू जहाजांवर वीसेक वर्षं स्वयंपाकी होता. देशोदेशीच्या खलाशांचे शब्द तो एका जाड वहीत लिहून ठेवी. त्यातला लाडका शब्द ‘पान’. पहिल्याच सफरीत एक स्पॅनिश खलाशी जेवताना “पान, पान” करू लागला. मामाने चंचीतलं शेवटचं विड्याचं पान मोठ्या मनाने त्याला दिलं. त्याने ते चावलं, थुंकलं आणि पावाकडे बोट दाखवलं! पुढच्या जहाजावर पोलंडचा इंजिनीअर भेटला. त्याच्या भाषेत ‘पान’ म्हणजे साहेब. “आता याला खायचा का सलाम ठोकायचा?” असं म्हणून मामा स्वतःच आधी हसायचा. इंग्रज तीच p-a-n ही रोमन अक्षरं ‘पॅन’ अशी वाचतात, म्हणजे मामाच्या हातातलं भांडं.

एका लग्नात माझ्या कॉलेजातल्या मंडळींना तो रंगात येऊन सांगत होता, “स्पेनचं पान नि आपला पाव सख्खी भावंडं.” मला नुकतीच मराठीत डॉक्टरेट मिळालेली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, “मामा, काहीतरी नको सांगूस. शब्द सारखे वाटले म्हणून नातं लागत नाही.” लोक हसले. मामाही हसला, पण त्यानंतर माझ्यासमोर ती वही कधी निघाली नाही.

काही महिन्यांनी लायब्ररीत दुसरंच काही शोधताना सापडलं... आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांचा शब्द व स्पॅनिश ‘पान’ दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून निघालेले. त्याच रविवारी मी मुरबाड गाठलं. मामा अंगणात वाल निवडत बसला होता.

“मामा, तू बरोबर होतास. मी चुकले.”

त्याने मान वर केली. “नि इंग्रजांचा पॅन?”

“तो वेगळ्या घरचा.”

“मग तू बी थोडी बरोबरच व्हतीस की,” म्हणत तो उठला, हात झटकले आणि आतून वही घेऊन आला. “आता मुळं तू सांग, मी लिवतो.”

मग किती रविवार तसे गेले! आपलं पान संस्कृत ‘पर्ण’वरून आलं, हे त्याने दोनदा विचारून लिहिलं. पोलिश ‘पान’चं मूळ मी एकदा ठासून सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या पुस्तकात वेगळंच निघालं. अभ्यासकांचंच एकमत नाही, हे मी ओशाळून कबूल केलं, तर मामा केवढा खूश झाला!

परवा मामीने ती वही मला दिली. ‘साहेब’च्या पुढे त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: ‘मूळ मोठ्यांनाबी ठाऊक नाय. जागा सोडली.’ खाली दोन ओळी कोऱ्या.

काल वर्गात डोंगरातल्या एका वाडीवरून येणाऱ्या मुलीने तिच्या घरच्या बोलीतला एक शब्द सांगून विचारलं, “मॅडम, हा कुठून आला?” पूर्वी मी काहीतरी ठोकून दिलं असतं, नाहीतर बोलीतला म्हणून उडवून लावला असता. या वेळी म्हणाले, “मला ठाऊक नाही. तुझ्या आजीला विचारून ये. तोवर सगळ्यांनी शब्द लिहा, आणि पुढे दोन ओळी जागा सोडा.”

सगळ्या वर्गाने जागा सोडली.