ओल्या गिलाव्यावर हळद

लंडनच्या जुन्या भागातल्या एका रेनेसान्स काळातल्या राजवाड्याच्या दुरुस्तीवर मी आर्किटेक्ट म्हणून काम करत होते. दिवाणखान्याची एक भिंत पूर्ण माझ्याकडे होती. मागे कुणा शहाण्याने तिच्यावर सिमेंट थापलं होतं आणि आतला दगड ओल धरून भुसभुशीत झाला होता. ते सगळं खरवडून आम्ही पुन्हा चुन्याचा गिलावा केला. शेवटचा हात फिरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आईला तिथे नेलं. ती पुण्याहून आमच्या हॅरोच्या घरी आली होती आणि ‘तू नक्की काय बांधतेस’ हे तिने लावूनच धरलं होतं. मी बांधत नाही, दुसऱ्यांनी बांधलेलं टिकवते, हे तिला काही केल्या पटेना.

कमानीवरची दगडी फुलं तिने मान वर करून पाहिली, मग माझ्या भिंतीपाशी थांबली. तेवढ्यात माझा साहेब पाहणीला आला, म्हणून मी त्याच्याकडे वळले.

परत बघते तर पांढऱ्याशुभ्र गिलाव्यावर लालभडक बोटं ओढलेली. आईला कापलं की काय, म्हणून मी तिचा हात धरला. बोटं पिवळी होती.

“अगं, हळद लावली नुसती,” आईच घाबरून गेली होती. “लाल कशी झाली?”

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण ही बाई पर्समध्ये करंडा घेऊन लंडनभर फिरत असेल, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

“आई, ही लिस्टेड बिल्डिंग आहे. इथे खिळा मारायलासुद्धा परमिशन लागते,” मी जवळजवळ ओरडलेच.

साहेब अजिबात चिडला नाही, त्याने मला जास्तच धडकी भरली. रंग आत मुरलाय, तेवढा तुकडा आत्ताच काढावा लागेल, म्हणाला. हे काय आहे, असंही त्याने विचारलं. नव्या वास्तूला आम्ही हळद लावतो, मी सांगितलं. पण ही वास्तू तर नवी नाही, तो म्हणाला. मी ते आईला मराठीत सांगितलं.

“जुनी आहे ते दिसतंय मला,” आई म्हणाली. “वास्तूला कुठे लावली? तू केलेल्या कामाला लावली.”

गवंडी छिन्नी घेऊन माझ्याकडे बघत थांबला होता. भिंत माझी, त्यामुळे ‘टेक इट आउट’ मलाच म्हणावं लागलं. आईला एवढं इंग्रजी येतं.