वहिनींच्या होडीवरची चरखी

आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड आहे. तिथे मिस्त्री अ‍ॅल्युमिनियमच्या लहान होड्या दुरुस्त करतात. माणूस कमी बोलणारा, कामाला चोख. हाताला मात्र एक खोड. दिसेल त्या नटाला आणखी एक पीळ द्यायचा. आमच्याकडे चहाला आले की बोलता बोलता खुर्चीचे पाय, कपाटाची बिजागरं, सगळं आवळून जायचे. माझी बायको म्हणायची, "मिस्त्री येऊन गेले की बरणीचं झाकण उघडायला त्यांनाच परत बोलवावं लागतं."

त्यांचे थोरले भाऊ, आम्हा सगळ्यांचे दादा, तलावात मासेमारी करायचे. थंडीत मासा खोल जातो, म्हणून त्यांनी मिस्त्रींकडूनच होडीवर डाउनरिगर बसवून घेतला होता. आमच्याकडे सगळे त्याला चरखीच म्हणतात. होडीच्या कडेला बसवलेली हातानं फिरवायची चरखी, तिच्यावर तार आणि तारेच्या टोकाला शिशाचा जड गोळा. गोळा गळाला हव्या त्या खोलीवर नेतो. चरखीला क्लच असतो. तो गोळा तोलून धरण्यापुरताच आवळायचा. गोळा तळाशी अडकला तर क्लच घसरतो, चरखी फिरते आणि तार सुटत जाते. क्लच घट्ट असला तर तार सुटत नाही. होडी पुढे जाते, कड खाली ओढली जाते आणि पाणी आत येतं.

दादांचं तसंच झालं. बुडालेल्या झाडांत गोळा अडकला, होडी उलटली आणि दादा बुडाले. दुसऱ्या दिवशी होडी काढली तेव्हा मिस्त्री धक्क्यावर उभे होते. तलावाच्या रखवालदारानं चरखीला हात लावून पाहिला आणि धीर द्यायचा म्हणून म्हणाला, "काम मात्र पक्कं हं तुमचं. होडी उलटली, पण ही जागची हलली नाही."

मिस्त्रींनी क्लच फिरवून पाहिला. तो हातानं सुटेना.

तो शेवटचा कोणी आवळला, हे कोणाला सांगता येणार? दादांनीही आवळला असेल. पण होडी ताब्यात देण्याआधी मिस्त्री तिच्यावरून एकदा पाना फिरवायचे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही होतं. त्यानंतर त्यांनी ती चरखी उतरवून टाकली आणि चरख्या बसवणंच सोडलं. शेडमध्ये एकटे असले की मागून चरखी फिरल्याचा आवाज येतो, असं ते एकदा मला म्हणाले. वळून पाहिलं की थांबतो. "त्या दिवशी यायला हवा होता तो आवाज," एवढंच बोलून ते कामाला लागले.

वर्ष उलटलं आणि एका सकाळी दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तीच होडी हातगाडीवर घालून शेडमध्ये आल्या. मी तिथेच बसलो होतो.

"भाऊजी, चरखी बसवून द्या."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. घरात बसून मासे चालत येतात का?"

"वहिनी, काठाकाठानं जाळं टाका की."

"काठाला काय, बेडूक धरू?"

मिस्त्री हसले नाहीत. "दुसऱ्या कोणाकडून बसवून घ्या."

"दुसऱ्यानं बसवली तर तुम्हाला झोप लागेल?"

मिस्त्रींनी होडी आत घेतली.

दोन दिवसांनी वहिनी पाहायला आल्या. त्यांनी चरखी धरून गदगदा हलवली. होडीची कड लवली, पत्रा कुरकुरला.

"हे काय? आतून पट्टी नाही लावली?"

"मुद्दामच नाही लावली," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "जास्त ओढ आली तर उपटून पाण्यात जाईल. होडी तरी राहील."

"आणि जाताना माझा हात घेऊन गेली तर? ताणलेली तार तोंडावर आली तर?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. "मी जगावं म्हणून बसवताय की तुमच्यावर बोल येऊ नये म्हणून?"

मिस्त्रींनी पाना उचलला आणि चरखी उतरवली. मग काम सुरुवातीपासून केलं. कडेच्या आत जाड पट्टी लावली, म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळ्या कडेवर पसरते. स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला खातात, म्हणून मध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या. बसल्या जागेवरून क्लचला हात पोचेल अशी जागा धरली आणि तार कापायची कात्री दोरीनं तिथेच बांधली. सगळं झाल्यावर त्यांचा हात सवयीनं क्लचकडे गेला. तो मध्येच थांबला. मी दुसरीकडे पाहिलं.

पाण्यावरचं वहिनींनी आमच्या घरी येऊन सांगितलं.

त्या म्हणाल्या होत्या, "आधी त्याच झाडांवर नेऊन बघू. तुम्ही सोबत चला." मिस्त्री तेव्हापासून पाण्यावर गेले नव्हते. तरी अंगात तरंगती बंडी घालून बसले. दुपार होती, वारा नव्हता. झाडांवर आल्यावर वहिनींनी गोळा तळापर्यंत सोडला आणि मोटार हळू चालू ठेवली. तार ताणली. कड किंचित लवली आणि मिस्त्रींनी दोन्ही हातांनी होडी धरली. मग चरखी फिरू लागली. कर्रर्र करत तार सुटत राहिली. होडी सरळ होती.

"झालं. चालली तुमची चरखी," वहिनी म्हणाल्या. "आता कापा."

मिस्त्रींनी कात्री घेतली, पण कापलं नाही. तार जाते तिकडे पाहत राहिले.

"भाऊजी, तार संपत आली."

"ऐकू द्या जरा."

वहिनींनी मोटार बंद केली. आवाज थांबला. तार पाण्यात ताठ उभी होती. मिस्त्रींनी तिला बोट लावलं. ती खालून थरथरत होती.

"खाली कोणी धरलंय असं वाटतंय?"

"झाड आहे," मिस्त्री म्हणाले. "झाडच आहे."

पण बोट काढेनात. शेवटी वहिनींनीच त्यांच्या हातातून कात्री घेतली आणि तार कापली. टोक पाण्यात गेलं. थोडा वेळ दोघंही जिथे ते गेलं तिथे बघत बसले. मग वहिनींनी मोटार सुरू केली.

आता त्या एकट्या जातात. नवा गोळा लावलाय. निघण्याआधी मिस्त्री धक्क्यावर येऊन पट्टी, बोल्ट, कात्री तपासतात. पाना शेडमध्ये ठेवून येतात.

"क्लच आवळला नाहीत ना?" वहिनी विचारतात.

"नाही."

तरी वहिनी तार हाताला गुंडाळून स्वतः ओढून पाहतात. चरखी घसरते. रोज पाहतात, मिस्त्रींच्या समोरच. मग मिस्त्री धक्क्याला बांधलेली होडीची दोरी सोडतात.