तीन पहारेकरी आणि एक दुर्बीण

आमच्या समोरच्या गच्चीवर रोज तिन्हीसांजेला एक गृहस्थ दुर्बीण मांडताना दिसतात. नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या सुरक्षा खात्यातून निवृत्त झालेले. गच्चीवरही बूट घालूनच वावरतात.

एकदा त्यांनी मला वर बोलावलं. दुर्बिणीखालची मोटर तिला आकाशाबरोबर फिरवते आणि लॅपटॉप त्या मोटरला हुकूम देतो. पण लॅपटॉपमधला प्रोग्राम बंद पडला तरी मोटर थांबत नाही. मग दुर्बिणीची नळी तिवईच्या पायावर आदळते आणि मोटरचे दाते तुटतात. हे त्यांनी तळहातावर मूठ आपटून समजावलं.

"म्हणून त्या प्रोग्रामवर नजर ठेवायला दुसरा प्रोग्राम, दुसऱ्यावर तिसरा आणि तिसऱ्यावर चौथा. सेफ्टी तो जोईए ने, सेफ्टी हवीच ना, भाऊ!"

हे तिन्ही पहारेकरी त्याच एका लॅपटॉपवर होते.

बोलता बोलता लॅपटॉपच हँग झाला. तिन्ही पहारेकरी एकदम गपगार. मोटर मात्र घरघरतच राहिली आणि नळी तिवईच्या पायापासून बोटभर अंतरावर आली. ते कीबोर्ड बडवत राहिले. कोपऱ्यात उंधियूची पापडी सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोने हात लांबवून मोटरचा प्लग उपसला.

"पाहिलंत?" ते छाती फुगवून म्हणाले. "आपली सिस्टिम कशी चालली!"

मी विचारलं, "वहिनी, तुम्ही या दुर्बिणीतून शनी पाहिलात की नाही?"

"कुठला शनी?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "आकाशाकडे हे बघतात. मला तिवईच्या पायाकडे बघायला बसवलंय."