चौगले सरांचं दूध

श्री. सयाजी ज्ञानू चौगले. वय सत्तावन्न. पद : सहायक शिक्षक, गणित. वर्तणूक : समाधानकारक. कौटुंबिक स्थिती : विधुर, कन्या बेंगळुरूस. प्रकृती : ठणठणीत. शाळा सोडलेल्या विद्यार्थ्यास दृढ स्नेहसंबंधांतून पुनश्च शैक्षणिक प्रवाहात आणल्याबद्दल गौरवास पात्र.

प्रशस्तिपत्रात एवढं सगळं आहे. म्हशीचा उल्लेख नाही.

गुंडू दहावीत होता. दिवाळीत बापाची कंबर धरली, म्हणून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हैस घेऊन तो उभा राहू लागला. गिऱ्हाइकानं समोर यायचं, यानं ग्लासात धार काढून द्यायची, त्यानं ती फेसासकट प्यायची. बापाची कंबर सुटली, पण गुंडू शाळेत परतला नाही. कट्ट्यावर लोक त्याला ‘पैलवान’ म्हणत. शाळेत हजेरीपलीकडे त्याचं नाव कुणी घेत नसे. चौगले सरही नाही.

सर समजूत घालायला गेले. तोंड उघडायच्या आत गुंडूनं ग्लास पुढं केला. सरांना लहानपणापासून दूध पचत नाही. पण मास्तराला हाकलता येतं, गिऱ्हाइकाला हाकलत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते निमूट प्याले आणि शाळेचा विषय न काढता घरी आले. रात्र वाईट गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजच.

“सर, आज जेवायला काय?”

“पिठलं.”

“काल बी पिठलंच हुतं की!”

घरी टीव्ही सुरू असे. सर तो बघत नसत. आवाज हवा म्हणून लावत. दिवसभरात त्यांना जेवणाचं विचारणारा माणूस एकच होता.

एका संध्याकाळी गुंडूनं ग्लास दिलाच नाही.

“तुमास्नी दूध पचत न्हाय. पोरं सांगत्यात, तासाला तुमचं पोट गुडगुडतंय म्हणून.”

“खरं हाय.”

“मग रोज कशाला येताय? माझ्यासाठनं?”

होय म्हणणं सोपं होतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तेच शिकवलं होतं. सर म्हणाले, “आधी तुझ्यासाठी यीत हुतो. आता घरात बोलायला कोण न्हाय म्हणून येतोय.”

गुंडूनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

“मग मीच येतो की शाळंत. तितं दूध तरी प्यायला लागणार न्हाय तुमास्नी.”

आणि आला. सरांना वाईट वाटू नये म्हणून बीजगणित शिकला. मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यात डोकावून “पिठलंच!” म्हणू लागला. पास झाला, तेही काठावर नव्हे. मग पुढं शिकायला पुण्याला मामाकडं गेला. पहिल्या आठवड्यात त्याचे दोन फोन आले. नंतर एक. नंतर त्याला मित्र मिळाले असावेत, मिळायलाच हवेत.

प्रशस्तिपत्र देताना शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं, “तुमची पद्धत काय, सर?”

“तशी काय न्हाय,” सर म्हणाले. ते नम्रता समजून टाळ्या पडल्या.

प्रशस्तिपत्र टीव्हीच्या वर टांगलं आहे. कट्ट्यावर आता गुंडूचा बाप असतो. तो कामापुरतं बोलतो. सर रोज संध्याकाळी जातात, ग्लास रिकामा करतात.

दूध त्यांना अजून पचत नाही.