रिकाम्या होल्डरवरचा थर

आधीच सांगतो, अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नाही. स्वतःवरही फारसा नाही... एकदा आमचा पंप बंद पडला होता आणि मी अर्धा दिवस ‘आज मशीन किती शांत चालतंय’ म्हणून कौतुक करत होतो.

पुण्यातल्या एका संस्थेत मी हे मशीन चालवतो. व्हॅक्यूममध्ये, वेफर नावाच्या पातळ चकतीवर अणूंचे थर चढवायचे. त्यातून अंधारातही उष्णता टिपणारे इन्फ्रारेड डिटेक्टर बनतात. निलोफर ही आमची विश्रांतवाडीहून येणारी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. एका निर्दोष थरासाठी दोन वर्षं थांबलेली, मुदत संपत आलेली.

त्या मंगळवारी सकाळी नऊला मी वेफर धरणारा होल्डर आत सरकवला, थर चढायला लागला. अकराला चहा घेताना बघतो तर वेफरची डबी टेबलावर! सील शाबूत, आत पाचही वेफर. म्हणजे मी रिकामाच होल्डर आत घातला होता. पण थर कसा चढतोय ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेघा तर वेफर असल्यासारख्या स्वच्छ... लाजेनं कुणाला न सांगता मशीन तसंच चालू ठेवलं.

दुपारी तीनला होल्डर बाहेर काढला. त्यात वेफर होती. आरशासारखी.

निलोफरनं मोजमापं घेतली. “काका, एक डाग नाही! काय केलंत नेमकं?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. इतकं खरं मी क्वचितच बोलतो.

तिच्या गाईडना, म्हणजे आमच्या सरांना, तशाच आणखी दहा हव्या होत्या. मग मात्र सगळं सांगावंच लागलं. वाटलं, माझ्यावर ओरडतील. ते तिच्याकडे वळले.

“बाहेरून आणलीस ना? असले धंदे माझ्या लॅबमध्ये चालणार नाहीत.”

“सर, मशीनला हात फक्त काका लावतात.”

“त्यांना एवढं डोकं नाही.”

वा! माझ्या मूर्खपणाची एवढी खात्री, की साधा संशयसुद्धा माझ्या वाट्याला येऊ नये? चूक माझी, असं लेखी दिलं. सरांनी वाचलं नाही. त्या थरावरचा तिचा रिसर्च पेपर थांबला. मी तीनदा मुद्दाम रिकामा होल्डर आत घातला – तिन्ही वेळा रिकामाच बाहेर आला. शेवटी निलोफरच म्हणाली, “काका, पुरे. डबी उघडा. पहिल्यापासून करू.” चार महिने उरलेत तिचे.

ती वेफर कुठून आली, मला आजही माहीत नाही. बायको म्हणते, एखादी चांगली शक्ती असेल, मदत केली. कसली डोंबलाची मदत? जे कोणी असाल त्यांना विचारतो – अहो, एवढं सुबक काम केलंत, मग पोरीवर आळ आला तेव्हा कुठे होतात?