गौरीचा गोल आणि माझा झेंडा

फुटबॉलमध्ये बाद झालेला खेळाडू पुन्हा जिवंत होत नसतो, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, अख्ख्या तलवाड्यासमोर कळलं. मुळात फुटबॉलमध्ये रेषेबाहेर पाय पडला म्हणून कुणी बादच होत नसतं, हे त्याआधी कळायला हवं होतं. पण ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. (सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात यावरून रोज भांडण होतं.)

तलवाड्यात माझं भांड्यांचं दुकान आहे, पण मला ओळखतात ते कबड्डीमुळं. बावीस वर्षं झाली, कुठंही सामना असो, पंच म्हणून अप्पालाच बोलावणार! माझं एक वाक्य आसपासच्या गावांत लोकांना पाठ आहे: "अप्पाचा हात एकदा वर गेला, की ब्रह्मदेव आला तरी खाली येत न्हाई!" हे वाक्य मीच बनवलं आणि मीच सगळीकडं सांगत फिरतो, ती गोष्ट वेगळी.

अशा माणसाच्या घरात फुटबॉल खेळणारी पोरगी निघावी? गौरी तेव्हा नववीत होती. पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "ह्यो काय खेळ हाय का? नुसत्या लाथाळ्या!" मग एके दिवशी शाळेमागच्या मैदानावरून चाललो होतो, तर ही पळताना दिसली. बॉल पायाशी, समोर तीन पोरी आडव्या, आणि ही त्यांच्यातून अशी निघाली, की मी सायकल उभी करायची विसरलो आणि सायकलीसकट आडवा झालो. घरात तांब्याभर पाणी मागितलं तर अर्धा तास लावणारी हीच का ती? मी तसाच मातीत बसून पुढचा खेळ बघितला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. (गुडघाही फुटला होता.)

तर आमच्या गावचे पुढारी आबासाहेब. त्यांच्या वाढदिवसाला दरवर्षी कबड्डी असते, त्या वर्षी त्यांनी मुलींचा फुटबॉल ठेवला. फायनलला आमच्या पोरी आणि लिंबागणेशच्या पोरी. जो संघ जिंकेल तो बीडला जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार होता. गौरीनं आठ दिवस आधीच बॅग भरून दाराशी ठेवली होती. रोज मी त्या बॅगेला ठेचकाळायचो आणि रोज म्हणायचो, "अगं, आधी जिंका तरी!"

फायनलच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गौरीनं फरशीवर स्टीलचे ग्लास मांडले आणि मला आणि उमाला, म्हणजे माझ्या बायकोला, ऑफसाइड नावाचा प्रकार समजावायला बसली.

"ह्यो ग्लास म्हंजे गोलकीपर. ह्यो त्यांचा शेवटचा खेळाडू. आमच्या पोरीनं बॉल मारला त्या टायमाला मी ह्या शेवटच्या ग्लासाच्या पुढं, गोलकीपरजवळ असले तर ऑफसाइड. बॉल मारल्यावर पळत गेले तर चालतंय. कळलं का अप्पा?"

"कळलं," मी म्हणालो. मला एवढंच कळलं होतं, की त्यातले दोन ग्लास दुकानातल्या नव्या सेटचे आहेत.

उमा मात्र पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हंजे लग्नातल्या पंगतीवानीच की! वाढप्या बुंदीची परात घिऊन निघायच्या आधीच एखादा पंगत सोडून आचाऱ्याजवळ जाऊन बसला, तर त्याला उठवणारच. बुंदी निघाल्यावर पळंना का बापडा!"

गौरीनं आईला मिठीच मारली. "आई, वर्गातल्या पोरींना आठ दिवस लागले हे कळायला!"

मी म्हणालो, "मी तेच म्हणणार हुतो."

दुपारी मैदानावर ही गर्दी! बीडहून रेफ्री आल्या होत्या, चोवीस-पंचवीस वर्षांच्या मॅडम, काळा ड्रेस, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. पण त्यांच्याबरोबरच्या दोन रेषापंचांपैकी एकाची एसटी चुकली होती. शाळेचे खेळाचे कदम सर माइकवरून म्हणाले, "रेषेवर झेंडा घेऊन उभं राहायला कुणी अनुभवी माणूस हाय का?"

सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं. मीही चारी बाजूंनी बघून घेतलं, न जाणो कुणी दुसरा असायचा. लिंबागणेशचे सर तर म्हणाले, "बाप खेळाडूचा असला तरी अप्पा असतील तर आमची हरकत न्हाई. आमच्याकडं कबड्डीला आलते, सख्ख्या भाच्याला बाद दिलतं ह्यांनी!"

आता एवढं ऐकल्यावर कोण मागं हटेल? मी झेंडा घेतला. तेवढ्यात गौरी पळत आली.

"अप्पा, नगा ना उभं राहू!"

"कावून?"

"तुमाला ऑफसाइड कळत न्हाई."

"कळतंय."

"मंग सांगा बरं."

"मॅच सुरू झाल्यावर सांगतो," मी म्हणालो आणि रेषेवर जाऊन उभा राहिलो.

मॅच सुरू झाली. दहाव्या मिनिटाला आमची सानिका नावाची पोरगी बॉलमागं पळता पळता माझ्यासमोर रेषेच्या बाहेर गेली. पूर्ण पाय बाहेर! बावीस वर्षांची सवय. मी ओरडलो, "बाद! बाहेर बस!"

ती बिचारी आज्ञाधारक. (माझ्या दुकानासमोरच राहते.) गपगुमान जाऊन बाहेर बसली. आमच्या पोरी दहाच राहिल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्या मोकळ्या जागेतून लिंबागणेशच्या पोरी आत शिरल्या आणि त्यांनी गोल केला. मला वाईट वाटलं, पण पंचानं वाईट वाटून घ्यायचं नसतं.

थोड्या वेळानं गौरीनं तो पास दिला. काय पास होता महाराजा! चार पोरींच्या मधून, शिंप्यानं सुईत दोरा ओवावा तसा. आमच्या पोरीनं नुसता पाय लावला, गोल! एक-एक! आणि मी नियमाप्रमाणं सानिकाकडं वळून ओरडलो, "एक जिवंत! ऊठ गं पोरी, चल आत!"

ती टणकन उठून आत पळाली. मॅडमची शिट्टी वाजली.

"काका, ही कुठून आली?"

"जिवंत झाली, मॅडम."

"म्हणजे?"

"मघाशी बाद झालती. आता आपला गोल झाला, तवा एक जिवंत."

मॅडमनं खिशातून पिवळं कार्ड काढलं, सानिकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कुणाला दाखवावं ते त्यांना कळेना, म्हणून परत खिशात ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही दोनच कामं करा. बॉल बाहेर गेला की झेंडा, आणि ऑफसाइड झालं की झेंडा. बाकी वेळ झेंडा खाली. तुमचा झेंडा वर दिसला की मी शिट्टी मारणार. लक्षात ठेवा."

"बिनघोर ऱ्हावा," मी म्हणालो. मंडपाच्या कडेला उमानं कपाळाला हात लावला होता.

दुसऱ्या डावात गौरी माझ्याच बाजूला खेळायला आली, आणि मला सगळं जग दिसायचं बंद झालं. अहो, ती पोरगी काय पळत होती! एकदा पडली, गुडघ्याला रक्त, आणि उठून पुन्हा तशीच. घरात झुरळ दिसलं तर पाटावर चढणारी! मी तोंडात बोट घालून नुसता बघत होतो. (दुसऱ्या हातात झेंडा होता म्हणून एकच बोट.) बॉल दोनदा बाहेर गेला तेव्हा मॅडमना मला हाका मारून उठवावं लागलं.

शेवटची पाच मिनिटं उरली. अजून एक-एकच. सानिकानं लांबून बॉल मारला. गौरी सुटली. लिंबागणेशची चार नंबरची पोरगी तिच्या मागं. गोलकीपर पुढं आली, गौरीनं बॉल तिच्या बाजूनं हळूच सरकवला, आणि बॉल जाळीत!

आता आमच्या भागात जिंकलं की माणूस काय करतो? झेंडा हलवतो! ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी मी जीपवर उभा राहून तासभर झेंडा हलवलाय. माझ्या पोरीनं गोल केलेला, हातात आयता झेंडा! मी तो डोक्यावर धरला आणि गरागरा फिरवत जागच्या जागी नाचलो. "आरं घेतला! गौरीनं घेतला!"

शिट्टी वाजली. मॅडमनं हात वर केला. "ऑफसाइड! गोल नाही!"

वाजंत्रीवाल्यांनी सुरू केलेलं अर्धंच राहिलं. सगळ्यांनी आधी मॅडमकडं बघितलं, मग मॅडमनं बोट केलं तिकडं बघितलं. बोटाच्या टोकाला मी होतो, झेंडा वर धरून.

मॅडम जवळ आल्या. "काका, नक्की ऑफसाइड होतं ना? लिंबागणेशनं आता फ्री किक मारली, की मग मला काहीही बदलता येणार नाही."

खरं बोलायचं, तर गावासमोर कबूल करावं लागणार, की अप्पानं झेंडा नाचायला वर केला. बावीस वर्षांची अब्रू! वर मागून कुणीतरी ओरडलंच, "अप्पाचा हात वर गेलाय बे! आता ब्रह्मदेव आला तरी न्हाई!" ते वाक्य ज्यानं बनवलं त्याला त्या क्षणी मी कानफटवलं असतं.

मी मान हलवली. होकारार्थी. माझी मानच ती, मी काय करू!

आमच्या पोरी रडायला लागल्या. एकीनं चप्पल शोधायला सुरुवात केली, बहुतेक माझ्यासाठीच. आणि गौरी त्यांच्यात जाऊन म्हणाली, "रडू नगा गं. अप्पांनी ऑफसाइड म्हणलं म्हंजे आसंल. अप्पा खोटं बोलत न्हाईत. चला, पाच मिनिटं हायेत अजून, दुसरा करू."

एवढं बोलून ती गुडघ्याचं रक्त मोज्याला पुसत जागेवर जाऊन उभी राहिली. माझ्याकडं रागानं बघितलंसुद्धा नाही. रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं हो! ती चौदा वर्षांची पोर माझ्यावर विश्वास ठेवून उभी होती आणि मी, एवढा बाप्या माणूस, एका वाक्याच्या अब्रूला चिकटून! मला माझीच लाज वाटली.

तिकडं गोलकीपरनं फ्री किकसाठी बॉल ठेवला, चार पावलं मागं गेली. मी झेंडा टाकला आणि मैदानात घुसलो.

"थांब गं पोरी! मारू नगंस! मॅडम, थांबा!"

"काका, तुम्ही आत का आलात?"

"म्या ऑफसाइडसाठी न्हाई हलवला झेंडा! म्या आनंदानं हलवला!"

"काय?"

"नाचत हुतो, मॅडम! पोरीनं गोल केला म्हणून नाचत हुतो!"

हशा असा उठला, की मंचावर आबासाहेबांच्या हातातला चहा सांडला. पण लिंबागणेशचे सर हसले नाहीत. "हे बरं हाय! आधी ऑफसाइड, आता न्हाई? पोरगी ह्यांची, झेंडा ह्यांचा!"

त्यांचं बरोबरच होतं. तेवढ्यात मंडपाच्या कडेनं उमाचा आवाज आला, "ओ मॅडम! बुंदी निघाली तवा ती पंगतीतच हुती! म्या बघितलंय!"

"बुंदी?" मॅडमनी मला विचारलं. मी सांगणार कसं? मला कुठं ते कळलं होतं!

शेवटी लिंबागणेशची ती चार नंबरची पोरगी पुढं आली. धापा टाकत होती, केसांत माती. आपल्या सरांकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, बॉल मारला तवा गोलकीपरच्या जवळ मी हुते, ती माज्या अलीकडंच हुती. नंतर पळाली. मलाच गाठता आलं न्हाई तिला."

एवढंच. ती हरणार होती, बीडला जायचं तिचं बुडणार होतं, आणि तरी सांगितलं! बावीस वर्षांत मी एकही कबड्डीपटू बघितला नाही जो स्वतःहून म्हणाला, "मला हात लागला." मी त्या पोरीला हात जोडले. खरंच जोडले.

मॅडमनं शिट्टी मारली आणि मैदानाच्या मध्याकडं हात केला. गोल! दोन-एक! राहिलेली पाच मिनिटं दुसऱ्या कुणीतरी झेंडा धरला. (उमानं.) आम्ही जिंकलो. गौरी पळत आली आणि घामानं, गुलालानं, रक्तानं भरलेली तशीच मला येऊन बिलगली.

"अप्पा, लाज न्हाई वाटली सगळ्यांसमोर सांगायला?"

"लई वाटली गं."

"मंग?"

"मंग काय, सांगितलं."

बीडला ती बॅग गेली, गौरी गेली, आणि तिथल्या सामन्यांना रेषेवर उभं राहायला मॅडमनी आठवणीनं उमाला बोलावलं. मलाही येऊ दिलं, पण गेटवरच कदम सरांनी माझ्या खांद्यावरचा लाल टॉवेल काढून घेतला.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी गौरी ऑफसाइड होती की नव्हती, हे मला विचारूच नका. रेषेवरच्या माणसानं त्यांच्या शेवटच्या खेळाडूकडं बघायचं असतं म्हणे. मी अख्खी मॅच माझ्या पोरीकडंच बघत होतो!